तोंड कुणाच्या खात्यात?

काकूंना रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आधी ‘प्लेटलेट’ हा शब्द पाठ केला. सात दिवस सायटाराबिन या केमोच्या औषधाची बाटली चढत राहिली, त्यातले तीन दिवस सोबतीला एक लाल औषध. हॉस्पिटल बडोद्यातलं होतं, याहून जास्त सांगत नाही. नवव्या दिवशी काकू म्हणाल्या, “तोंड आलंय रे.” मी म्हणालो, “बी-कॉम्प्लेक्स विचारतो.” सिस्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, “ए तो थाय.” म्हणजे, होतंच ते. अकराव्या दिवशी पाण्याचा घोटही गिळवेना. रात्री ताप भरला आणि मग पहिल्यांदा एका तरुण डॉक्टरांनी खिशातून बॅटरी काढून “आ करा” म्हटलं. त्याआधीच्या दहा दिवसांत ब्लडप्रेशर रोज चार वेळा पाहिलं गेलं होतं. ताप, लघवी, साखर सगळं कागदावर होतं. तोंड तेवढं कुणी उघडून पाहिलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

काकू त्यातून उठल्या, म्हणून हे शांतपणे लिहिता येतंय. त्या वॉर्डात कामचुकार असं कुणी नव्हतं. ज्याचं त्याचं काम ठरलेलं होतं आणि तोंड कुणाच्याच कामात बसत नव्हतं. डॉक्टर रक्ताकडे बघत होते, दंतवैद्य त्या मजल्यावर येत नव्हते, सिस्टर सलाइनमागे धावत होत्या आणि आम्हा नातेवाइकांना हे आपलं काम आहे याचा पत्ता नव्हता. तोंड कुणाच्या तरी खात्यात टाका, एवढीच माझी मागणी आहे. बाकीचं मुद्द्यांत.

१. पहिला घोटाळा शब्दाचा आहे. मराठीत ‘तोंड येणं’, गुजरातीत ‘मोढुं आवी जवुं’. दोन्ही भाषांनी एकच शब्दप्रयोग वाटून घेतलाय आणि दोन्हींत तो किरकोळ दुखण्याचा आहे. जागरण झालं, तोंड आलं. तिखट खाल्लं, तोंड आलं. त्यामुळे केमो घेणारा माणूस हेच शब्द उच्चारतो तेव्हा ऐकणाऱ्याला काही वाटतच नाही. डॉक्टर त्याला ‘म्युकोसायटिस’ म्हणतात आणि तिथे त्याचं वजन एकदम वाढतं. रुग्ण एका भाषेत बोलतो आणि केसपेपर दुसऱ्या भाषेत लिहिला जातो. ही तक्रार बहुधा त्या दोहोंच्या मधल्या फटीत पडते.

२. होतं काय ते थोडक्यात. केमोची बरीचशी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. कॅन्सरच्या पेशी तशाच असतात, पण गालाच्या आतलं अस्तरही तसंच असतं. ते साधारण सात ते चौदा दिवसांत नवं होतं. औषधाने नवी वीण थांबते, जुनी झिजून जाते आणि आठवड्याच्या आसपास खालचं मांस उघडं पडतं. नेमक्या त्याच सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशीही तळाला गेलेल्या असतात. पुढे त्या वर आल्या की तोंडही भरून येतं. या सगळ्याला दोन-तीन आठवडे लागतात.

यात नवं काही नाही. आंध्रात जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली अमेरिकेत अमिनोप्टेरिन तयार झालं आणि बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिलं. १९४८ साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले, तेव्हाच औषधाने तोंड येतं हे नोंदवलेलं होतं. आजचं मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड. म्हणजे केमोथेरपी जितकी जुनी तितकीच ही तक्रार जुनी. नेहमीच्या मात्रेच्या केमोत शंभरातल्या वीस ते चाळीस जणांना हा त्रास होतो, आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधीच्या जबर मात्रेत ऐंशींपर्यंत, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. इतक्या लोकांना होणारी गोष्ट दर वेळी अनपेक्षित कशी ठरते, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

३. दुखतं हा निम्माच भाग झाला. तोंडात शेकडो जातींचे जंतू एरवी गुण्यागोविंदाने नांदत असतात. अस्तर फाटलं की त्यांना थेट रक्ताची वाट मोकळी होते. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल घनमिलिमीटरला ५०० च्या खाली असताना हे झालं तर ते जिवावर बेततं. सायटाराबिनच्या मोठ्या मात्रेनंतर व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकस नावाचा तोंडातलाच जंतू रक्तात सापडणं डॉक्टरांना नवं नाही. अशा रुग्णाला १०१ फॅरनहाइटच्या घरात ताप गेला तर पहिलं अँटिबायोटिक तासाभरात चढवायचं असतं. त्यात शिळ्या अन्नाचे कण, किडकी दाढ, पू धरलेली हिरडी असं सगळं तोंडात असेल तर काय होणार, ते सांगायला नको.

इथे एक कबुली द्यायला हवी. चूळ भरून आणि ब्रश करून जबर केमोतल्या जखमा टळतातच असं नाही. त्या औषधाच्या आहेत, येतील तेव्हा येतील. स्वच्छ तोंडात त्यांत जंतू कमी शिरतात, हिरड्यांतून रक्त कमी येतं, खाणं लवकर सुरू होतं. केमोची पुढची सायकल पुढे ढकलावी लागू नये, मात्रा कमी करावी लागू नये, यासाठी एवढंही पुष्कळ आहे. चमत्कार विकणाऱ्यांची गर्दी या क्षेत्रात आधीच दाटलेली आहे. त्यात मला उभं राहायचं नाही.

४. मग रोज मोजायचं कसं? जागतिक आरोग्य संघटनेची शून्य ते चार अशी मोजपट्टी जुनीच आहे आणि ती बरीचशी जेवणावर बेतलेली आहे. पहिल्या पायरीला नुसतं चुरचुरतं, तोंड लाल होतं. दुसऱ्या पायरीला जखमा असतात पण घन अन्न जातं. तिसरीत फक्त पातळ जातं आणि चौथीत तोंडाने काहीच जात नाही. तेव्हा सिस्टरांनी रोज सकाळी एवढंच विचारावं: काल काय खाल्लंत? नुसती पोळी, आमटीत बुडवलेली पोळी, पेज, की काहीच नाही? गुजराती घरात आमटीऐवजी दाळ म्हणा आणि आदिवासी घरात पोळीऐवजी मक्याचा रोटला. उत्तर मिळालं की पायरीचा अंदाज आला. मग बॅटरी लावून दहा सेकंद तोंडात बघायचं: लाल कुठे आहे, फाटलंय कुठे, पांढरा थर आहे का. खरवडल्यावर निघणारा दह्यासारखा थर बहुतेकदा बुरशीचा असतो आणि त्याचं औषध वेगळं. ओठांवर पाण्याचे फोड म्हणजे नागीण जातीचा विषाणू जागा झालेला असू शकतो आणि त्याचं औषध आणखी वेगळं.

हा आकडा तापाच्या आणि नाडीच्या रकान्याशेजारी लिहायचा. रकाना छापलेला असला की तो भरावा लागतो. सरकारी असो वा खासगी, आपल्याकडच्या कागदांचा हा गुण आपल्या उपयोगी पडेल. आकडा दोनवर गेला की दुखण्याचं औषध आपणहून सुरू व्हावं, रुग्णाने कळवळायची वाट पाहू नये. वेदनेने ज्याला तोंड उघडवत नाही त्याला ‘ब्रश करा’ सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला जिना दाखवणं. लागलं तर मॉर्फीनही द्यावं. २०१४ च्या कायदा-दुरुस्तीनंतर ते मिळवण्यातल्या अडचणी कमी झाल्या आहेत, मनातली भीती तेवढी उरलीय.

५. आता सामान. मऊ ब्रश, सौम्य पेस्ट, मीठ, खायचा सोडा, झाकणाची लिटरची बाटली, ओठांना व्हॅसलिन. सगळं मिळून दीडशे-दोनशे रुपयांच्या आत बसावं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ आणि तेवढाच सोडा. जागेपणी दर चार तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरायची, गिळायची नाही. पाणी रोज नवं करायचं.

सांगायला हे सोपं आहे, पण बडोद्यात सोडा आणायला माणूस पाठवलात तर सांभाळा. इथल्या वाण्याकडे खायच्या सोड्याला ‘साजीनां फूल’ म्हणतात आणि सायट्रिक ॲसिडला ‘लिंबूनां फूल’. दोन्ही पांढरी, दोन्ही पुडीत, दोन्ही ‘फूल’. घाईत नुसतं ‘फूल आपो’ म्हटलं आणि दुसरी पुडी आली, तर उघड्या जखमेवर लिंबू पिळल्यासारखं होईल. पापडखार ही तिसरीच वस्तू, तीही नको. म्हणून चिठ्ठीवर ‘सोडा’ लिहून रुग्णाला बाजारात धाडण्याऐवजी वॉर्डातूनच तयार बाटली मिळावी. चिठ्ठी लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती भरून होते.

ब्रशचं तर निराळंच. बडोद्याच्या वॉर्डात छोटाउदेपूर, दाहोद, नर्मदा जिल्ह्यांतून, सीमेपलीकडच्या आलीराजपूर-झाबुआतून माणसं येतात. त्यातल्या कित्येकांनी जन्मभर दातणानेच दात घासलेत आणि उत्तम राखलेत. प्लेटलेट कोसळलेल्या हिरडीला मात्र बाभळीची काडी म्हणजे सुरी. काळं खरबरीत मंजनही तसंच. ‘दातण नको’ एवढं सांगून भागत नाही, हातात ब्रश देऊन शिकवावं लागतं, कारण काडी धरायची पकड वेगळी आणि ब्रशची वेगळी. बायकांचा प्रश्न बजरचा. आपल्याकडे कोकणात-देशावर मशेरी, इथे बजर; दोन्ही तंबाखूच. बडोद्याच्या वरच्या अंगाला चरोतर आहे, तंबाखूचं आगर. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, पण तपकीर म्हणून विकत घेतलेली पूड कुणी हिरडीला लावली तर तिथे कायदा पोचत नाही. दाखल होताना “तंबाखू खाता का?” असं विचारलं तर या बायका खऱ्या मनाने ‘नाही’ म्हणतात. त्यांच्या लेखी ती दात घासायची वस्तू आहे. प्रश्न ‘दात कशाने घासता?’ असाच हवा.

सुपारी-माव्याने ज्यांचं तोंडच आक्रसलंय, दोन बोटंही आत जात नाहीत, त्यांच्यासाठी लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश घ्यावा. ही युक्ती मला एका दंतवैद्य मैत्रिणीने सांगितली. मी चार दुकानं फिरून तसा ब्रश घेतला आणि मग कळलं की पहिल्याच दुकानात तो खेळण्यांच्या शेजारी लटकत होता.

प्लेटलेटबद्दल एक जुना समज वॉर्डावॉर्डांत टिकून आहे: आकडा वीस हजारांखाली गेला की ब्रश बंद. मग तो बंदच राहतो, कारण ‘सुरू करा’ असं कुणी म्हणत नाही. आता कल असा आहे की रक्त येत नसेल तर अतिमऊ ब्रश चालू ठेवावा. येत असेल तर मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गॉझने हलक्या हाताने पुसावं आणि थांबलं की पुन्हा ब्रश. घाणेरड्या, सुजलेल्या हिरडीतून रक्त जास्त येतं, हे लक्षात घेतलं म्हणजे ब्रश बंद करण्यातला उलटा हिशोब दिसतो. निर्णय अर्थात त्या रुग्णाच्या डॉक्टरांचा. कवळी असेल तर रात्री काढायची, घासून पाण्यात ठेवायची आणि तोंड आल्यावर जेवणापुरतीसुद्धा लावायची का, हे विचारून घ्यायचं.

६. सगळ्यात मोठा तोटा पहिल्या बाटलीच्या आधीच झालेला असतो. गाठीच्या कॅन्सरमध्ये केमो सुरू व्हायला बहुधा काही दिवस हाताशी असतात. तेवढ्यात दंतवैद्याने तोंड तपासून किडकी दाढ भरावी, टोचणारं टोक घासावं, दातांवर साठलेलं कीटण काढावं. दात काढायचाच झाला तर पांढऱ्या पेशी घसरण्याआधी जखम भरायला निदान दहा दिवस मिळायला हवेत. तीव्र ल्युकेमियात, म्हणजे काकूंसारख्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, इतकी उसंत नसते, तरी बघून, एक्स-रे काढून धोक्याची जागा लिहून ठेवता येते. दोन सायकलींच्या मध्ये रक्त सावरलं की मग हात घालायचा.

बडोद्याला याची अडचण यायला नको. सयाजीराव हॉस्पिटल, एकेकाळचं काउंटेस ऑफ डफरिन हॉस्पिटल, काळा घोडा चौकापासून हाकेच्या अंतरावर. त्याला जोडलेलं मेडिकल कॉलेज १९४९ पासूनचं. शहरात मनुभाई पटेल डेंटल कॉलेज. वाघोडिया तालुक्यात पिपरियाला के. एम. शाह डेंटल कॉलेज. त्याच तालुक्यात गोरजला, अनुबेन ठक्कर यांनी उभ्या केलेल्या मुनी सेवा आश्रमाचं कैलास कॅन्सर हॉस्पिटल. एका तालुक्यात डेंटल कॉलेजही आणि कॅन्सर हॉस्पिटलही, असा योग फार ठिकाणी नसेल. डेंटलच्या प्रत्येक पदवीधराला वर्षभर इंटर्नशिप करावी लागते. त्यातले पंधरा दिवस जिल्ह्यातल्या केमो वॉर्डांत, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काढायचा नियम झाला, तर रोज बॅटरी घेऊन फिरणारं कुणीतरी मिळेल. आणि त्या पोरांनाही कळेल की दातांच्या पलीकडे एक माणूस असतो. (हे टोमण्यासारखं वाटलं तर माफी. पण माझ्या स्वतःच्या दंतवैद्याने मला आजवर ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं एकदाही विचारलेलं नाही.)

पैशाचं काय? गुजरातेत ‘मा’ आणि आयुष्मान या सरकारी आरोग्य योजना एकत्र आहेत आणि जुलै २०२३ पासून कुटुंबामागे वर्षाला दहा लाखांपर्यंतचं कवच आहे. केमोची पॅकेजेस त्यात येतात. पण योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आखलेली. दाखल होण्याआधी बाहेर भरून घेतलेल्या दाढेचा खर्च रुग्णाच्याच खिशातून. केमोच्या पहिल्या पॅकेजमध्ये एक दंततपासणी आणि वर सांगितलेल्या सामानाची पिशवी घाला, अशी मागणी आमदारांकडे न्यायला हवी. रक्तातल्या जंतूसाठी लागणाऱ्या भारी अँटिबायोटिकच्या एका दिवसाच्या बिलात अशा पिशव्या किती येतील, हे कुठल्याही औषधांच्या दुकानात उभं राहून मोजता येतं.

७. बर्फ. तोंड येऊ नये म्हणून काही ठरावीक औषधांत तो खरंच कामाचा आहे: फाइव्ह-एफयू एकदम टोचून देतात तेव्हा आणि प्रत्यारोपणाआधी मेल्फलानची मोठी मात्रा देतात तेव्हा. औषधाच्या थोडं आधीपासून बर्फाचे तुकडे चघळले की तोंडातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि अस्तरापर्यंत औषध कमी पोचतं. काकूंसारख्या, सात दिवस अखंड चालणाऱ्या बाटलीला त्याचा उपयोग नाही. सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर गारवाच बाधतो. म्हणजे विचारूनच. आणि बर्फ उकळलेल्या पाण्याचा, घरच्या फ्रिजमधला. गोळेवाल्याच्या लादीचा नव्हे.

८. आजीच्या बटव्याबद्दल. टंकणखार-मध, तुरटी, ज्येष्ठमध, हळदीचा लेप ही सगळी आपल्या आज्यांची शस्त्रं, आणि साध्या तोंड येण्यात त्यांनी आपल्याला बरंही वाटलंय. पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसाच्या उघड्या जखमेत मात्र डॉक्टरांना न विचारता काहीही लावू नये. जाहिरातीतल्या झणझणीत माउथवॉशलाही हेच लागू. अल्कोहोल असलेला तर नकोच. क्लोरहेक्सिडिनचं लाल-गुलाबी औषध नातेवाईक हटकून आणतात, कारण ते औषधासारखं दिसतं. हिरडीच्या रोगात त्याची जागा आहे, पण केमोतल्या जखमा टाळण्यासाठी त्याचा फायदा ठामपणे दिसून आलेला नाही. मीठ-सोडा औषधासारखा दिसत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

९. सूचना चित्रांत असाव्यात. इंग्रजी पत्रक कुणी वाचत नाही. गुजराती पत्रक राठवी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या आईला वाचून दाखवावं लागतं आणि दाखवणारा धाकटा मुलगा चहा आणायला गेलेला असतो. गणेश देवींची ‘भाषा’ संस्था १९९६ पासून याच शहरात आहे, तेजगढला तिची आदिवासी अकादमी आहे. राठवी-भिलीत दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण करून देणारी माणसं शोधायला आपल्याला दिल्लीला जावं लागणार नाही.

१०. “सिस्टरांना वेळ कुठाय?” हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळत नाही. एकेका सिस्टरकडे किती खाटा असतात ते रात्रपाळीला जाऊन बघावं. म्हणून कामाची वाटणी करा. चूळ, ब्रश, बाटली हे नातेवाइकाचं काम. दाखल होतानाच त्याला दहा मिनिटं शिकवा आणि त्याच्याकडून एकदा करून घ्या. आपल्या वॉर्डांत रुग्णापाशी चोवीस तास घरचं माणूस असतं. परदेशी पाठ्यपुस्तकांत न सापडणारं हे मनुष्यबळ आज फक्त औषधं आणायला आणि बिल भरायला वापरलं जातं. बघणं आणि आकडा लिहिणं सिस्टरांचं. आकडा दोनवर गेला की सही डॉक्टरांची. आणि महिन्याचे आकडे मेट्रनच्या टेबलावर. कुणी विचारणारं असलं की रकाने खरे भरले जातात, एरवी ‘नॉर्मल, नॉर्मल’ अशी वेल खालपर्यंत जाते.

११. शेवटचा मुद्दा बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळांचा, म्हणजे दांडिया बाजारपासून राजमहाल रोडपर्यंतच्या आपल्या सगळ्यांचा. वाढदिवस, पुण्यतिथी, गणपतीतला एखादा दिवस आला की आपण वॉर्डात फळं वाटतो, फोटो काढतो. काकूंच्या खाटेवरही दोन मोसंबी आली होती. ज्या तोंडात पाणी टोचत होतं त्या तोंडासाठी मोसंबी. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला कुणीतरी लीलो चिवडा देऊन गेलं होतं; तो त्या मुलाच्या तोंडाला कसा झोंबला असेल, याचा विचार मीही तेव्हा केला नव्हता. त्याच पैशांत पिशव्या भराव्यात: मऊ ब्रश, मुलांचा छोटा ब्रश, सोड्याची नाव छापलेली पुडी, मीठ, बाटली, व्हॅसलिन, चित्रांचा कागद. आधी वॉर्डाच्या सिस्टरांना विचारून त्यांच्याच हाती द्याव्यात, खाटेखाटेशी जाऊन नव्हे. पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसाजवळ वीस कार्यकर्त्यांचं काय काम? फोटो हवाच असेल तर पिशवीचा काढा. मोसंब्यांची टोपली वॉर्डाच्या बाहेर बाकांवर बसलेल्या नातेवाइकांना द्या, त्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नसतं.